वाचकांचे प्रश्न : सोरायसिस आणि चिनी औषधाच्या पुड्या

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील शेतकरी असून माझे वय 46 वर्षे आहे. नऊ वर्षांपासून कोपर, गुडघे आणि डोक्यात सोरायसिसचे चट्टे आहेत. भाच्याने नागपूरला एका विक्रेत्याकडून चिनी वनस्पतींचे औषध आणून दिले. त्यात काढ्यासाठी काळपट भुकटीच्या पुड्या आणि चिनी अक्षरे छापलेली मलमाची ट्यूब होती. पंधरा दिवसांत कातडी स्वच्छ झाली, परंतु औषध संपल्यावर महिन्याच्या आत चट्टे पूर्वीपेक्षा दुपटीने उठले. विक्रेता म्हणतो, रक्तातले विष बाहेर पडत आहे, आणखी तीन महिने घ्या. घ्यावे काय? गावातील काही जण आता माझ्या पंगतीला बसत नाहीत, तेही लिहून ठेवतो.

उत्तर : घेऊ नये. पंधरा दिवसांत कातडी स्वच्छ होणे आणि औषध थांबताच चट्टे दुपटीने उठणे, ही जोडी मला काळजीची वाटते, कारण तीव्र स्टेरॉइड (सूज आणि लाली झटपट दाबणारे औषध) काही दिवस मिळून एकाएकी बंद झाले की सोरायसिस बहुधा असाच वागतो. तुमच्या ट्यूबमध्ये काय होते हे पत्रावरून सांगता येणार नाही. पण शंकेला आधार आहे. लंडनमध्ये त्वचाविकाराच्या रुग्णांना दिलेली अकरा चिनी वनौषधी मलमे तपासली गेली आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार आठ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडले. रुग्ण मात्र झाडपाल्याचेच औषध लावत आहोत अशा समजुतीत होते.

‘रक्तातले विष’ हा शब्द आपल्याकडे लवकर पटतो, कारण कातडीचा विकार म्हणजे रक्त बिघडले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चिनी वैद्यकातही सोरायसिसचे वर्णन रक्तातील उष्णता, रक्ताचा कोरडेपणा आणि रक्त साकळणे या भाषेत केले जाते, आणि तो वैद्य प्रत्येक रुग्णाची जीभ व नाडी पाहून काढ्यातील वनस्पती बदलत जातो. (म्हणजे सर्वांना एकच पुडी विकणे हे खुद्द चिनी वैद्यकालाही धरून नाही.) आजच्या माहितीप्रमाणे सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्वचेला चुकीचे संदेश देत राहते आणि जी पेशी तळापासून वर यायला सुमारे 28 दिवस घेते ती तीन ते पाच दिवसांतच वर येते. त्या अर्धवट पेशींचे थर साचून चंदेरी खवले दिसतात. बाहेर पडण्यासारखे विष त्यात कोणतेही नसते, त्यामुळे चट्टे वाढणे हे बरे होण्याचे लक्षण मानू नका.

तरीही चिनी वनौषधी म्हणजे सारी भोंदूगिरी, असे मी म्हणणार नाही. ‘चिंग दाई’ नावाची निळी भुकटी निळीच्या झाडांच्या पानांपासून काढतात. ज्या वनस्पतींपासून ती होते त्यांत आपल्याकडे पूर्वी पिकवली जाणारी नीळही येते. तैवानमधील डॉक्टरांनी 42 रुग्णांच्या एका बाजूच्या चट्ट्यावर या भुकटीचे मलम आणि दुसऱ्या बाजूच्या चट्ट्यावर औषध नसलेले मलम बारा आठवडे लावून पाहिले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 31 जणांचे औषध लावलेले चट्टे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेले. त्यातील इंडिरुबिन हा घटक त्वचेच्या पेशींची बेसुमार वाढ रोखतो. अडचण एवढीच की कातडी आणि कपडे दोन्ही निळे होतात. (किराणा दुकानातील कपड्यांची नीळ हा वेगळाच पदार्थ आहे, तो चट्ट्यांवर लावण्याचा विचारही करू नका.) मात्र हीच भुकटी पोटात घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसाच्या धमन्यांतील दाब वाढल्याचे जपानमध्ये दिसले आणि तेथील सरकारला 2016 साली इशारा द्यावा लागला. लावायला उपयोगी पडणारी वस्तू गिळायलाही निर्धोक असेल असे नाही, आणि तुमच्या पुड्या तर गिळण्याच्याच आहेत.

पुडीत नेमकी कोणती वनस्पती आहे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. 1990च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या चिनी गोळ्यांमध्ये ‘हान फांग ची’ऐवजी नावाने सारखी असणारी ‘ग्वांग फांग ची’ ही वनस्पती घातली गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ही दुसरी वनस्पती ॲरिस्टोलोकिया कुळातील होती. आपल्याकडची सापसण याच कुळातली आहे, म्हणून ‘आमच्या रानातलेच आहे’ या भरवशावर तिचा काढाही घेऊ नये. कातडीच्या विकारांवर आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या बावचीचे मात्र थोडे वेगळे आहे. तिच्यातील सोरालेन या द्रव्यावर आणि अतिनील किरणांवर उभारलेला उपचार त्वचारोगतज्ज्ञ 1970च्या दशकापासून वापरत आले आहेत. पण त्यात किरणांची मात्रा मोजलेली असते. बावचीचे तेल लावून वैशाखात बांधावर उभे राहिल्यास अंगावर फोड येतील.

आता करायचे काय? उरलेली ट्यूब आणि पुड्या फेकू नका. त्या घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा सेवाग्रामला त्वचारोग विभागात जा. तेथे यकृत, मूत्रपिंड, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या व काय आणि किती दिवस घेतले ते स्पष्ट सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवू नका. अंगभर लाली पसरली, पूभरले बारीक फोड उठले किंवा थंडी वाजून ताप आला, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडत असतील तर तेही सांगा, कारण हा आजार सांध्यांत उतरू शकतो. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटची गोळी दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्याने जिवावर बेतू शकते. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा आणि त्या काळात मोहाची असो वा दुकानातली, दारूला हात लावू नका. खवले वजरीने घासू नका. घासलेल्या जागी नवे चट्टे उठतात. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावली तरी भेगा आणि खाज कमी होते.

पंगतीबद्दल : सोरायसिस स्पर्शाने, ताटाने किंवा कपड्याने पसरत नाही. लोकांच्या मनात बहुधा कुष्ठरोगाची भीती असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बधिरता असते, तर तुमच्या चट्ट्याला खाज आणि खवले आहेत. शिवाय कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो, म्हणून त्या रुग्णालाही पंगतीतून उठवण्याचे कारण नाही. गावच्या आशाताईंनी हे चार लोकांसमोर सांगितले तर तुमच्या सांगण्यापेक्षा अधिक ऐकले जाईल.

प्रश्न : माझ्या 23 वर्षांच्या मुलीला सोरायसिस आहे आणि दिवाळीनंतर तिचे लग्न आहे. ‘लेई गोंग तेंग’ या चिनी वेलीच्या गोळ्या सुचवल्या आहेत. द्याव्यात काय? – एक आई, साकोली

उत्तर : देऊ नका. ही वेल रोगप्रतिकारक यंत्रणेला दाबते, म्हणून चट्टे कमी होतात हे खरे. पण तिच्यामुळे मासिक पाळी बंद पडू शकते, पुरुषांचे शुक्राणू घटतात आणि यकृत, मूत्रपिंड व अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. चीनच्याच औषध नियंत्रकांनी 2012 साली ती मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि मूल हवे असलेल्या स्त्री-पुरुषांना देण्यास मनाई केली. लग्न जवळ आले आहे हे तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण मेथोट्रेक्सेटही गरोदरपणात चालत नाही आणि उपचाराची निवड त्यावरूनच बदलते.