फ्लॅप किती पातळ हवा?

प्रश्न : माझ्या भावाचा हात मळणी यंत्रात सापडला. पंजाच्या मागच्या बाजूची कातडी निघून गेली आणि आतल्या पांढऱ्या दोऱ्या दिसतात. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, मांडीची साल काढून लावू. शहरातले प्लास्टिक सर्जन म्हणतात, फ्लॅपच लागेल, सहा-सात तासांचं ऑपरेशन आहे. खरं कोणाचं? – एक वाचक, जालना

उत्तर : त्या पांढऱ्या दोऱ्या म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे. त्यांच्यावर ओलसर, चकचकीत असा पातळ पापुद्रा असतो. तो शाबूत असेल तर मांडीची साल, म्हणजे स्किन ग्राफ्ट, तिथे धरू शकतो. पापुद्रा गेला असेल आणि टेंडन कोरडं, पिवळसर पडलं असेल, तर ग्राफ्ट धरणार नाही. ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तगतो, मग खालून बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तो पक्का होतो. उघडं टेंडन, उघडं हाड किंवा धातूची पट्टी यांच्याकडे द्यायला रक्तच नसतं. कडेने कसाबसा धरला, तरी टेंडनला चिकटतो आणि बोटं हलेनाशी होतात. म्हणून फ्लॅप. त्यात कातडी, खालची चरबी आणि त्यांना पोसणारी धमनी-शीर एकत्र उचलतात आणि मायक्रोस्कोपखाली हाताच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. त्यासाठीचा धागा केसापेक्षा बारीक असतो.

आता पातळपणाचा मुद्दा. फ्लॅप मांडीवरून घ्यायचा असेल, तर अंगाने भरलेल्या माणसाच्या मांडीवर चरबीचा थर दीड-दोन सेंटिमीटर सहज असतो. पंजाच्या मागे तो तसाच बसवला तर हातावर उशी बांधल्यासारखं होतं, मूठ वळत नाही. त्यामुळे फ्लॅप उचलतानाच पातळ करतात. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची. तिच्या मध्यबिंदूभोवती तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात डॉपलर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, फिरवला की कातडीकडे येणारी बारीक धमनी बहुतेक वेळा सापडते. तिची जाडी साधारण एक मिलिमीटर. नेहमीचा फ्लॅप स्नायूवरच्या जाड पडद्यापासून उचलतात. पातळ फ्लॅप चरबीच्या मधूनच उचलतात. वर चरबीचे बारीक दाणे, खाली मोठे दाणे आणि दोन्हींच्या मध्ये एक पांढरा पडदा असतो. तो सापडला की बरीचशी चरबी मांडीवरच राहते. उरलेली कडेकडेने कात्रीने कमी करायची. रक्तवाहिनी शिरते त्या जागेभोवती मात्र दोन सेंटिमीटर हात लावायचा नाही.

हे बंधन पाळायला हवं, कारण ती धमनी चरबीतून तिरकी वर येते आणि कातडीच्या खाली जाळं पसरते. चरबी काढता काढता ते जाळं कापलं गेलं तर फ्लॅपचं दूरचं टोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी निळं आणि मग काळं पडतं. नेमकं तेच टोक टेंडनवर असेल तर सगळी मेहनत फुकट. फ्लॅप लांबट असेल, रुग्ण तंबाखू किंवा विडी ओढणारा असेल, मधुमेह असेल, तर पहिल्या खेपेला कमी पातळ करून उरलेली चरबी नंतर काढणं आम्हांला अधिक शहाणपणाचं वाटतं. ‘एकाच ऑपरेशनात सगळं करा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

जांघेतून मुळातच पातळ फ्लॅप मिळतो. जपानी सर्जन कोशिमा यांनी 2004 मध्ये त्याची पद्धत मांडली. व्रण कपड्याखाली झाकला जातो. पण त्याची धमनी आखूड आणि बारीक, बरेचदा एक मिलिमीटरच्या आतली. ती जोडण्याचा नियमित सराव असेल तिथेच हा पर्याय घ्यावा. मांडीवर आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत रुंद फ्लॅप घेतला तर जखम सरळ टाके घालून बंद होते. त्याहून रुंद असेल तर तिथे ग्राफ्ट लागतो.

प्रश्न : वडिलांना जिभेचा कॅन्सर आहे. काढलेल्या भागाच्या जागी डाव्या हाताची कातडी लावणार आहेत. आधी काय काळजी घ्यावी? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आजपासून त्या हाताला सुई नको. रक्त काढणं, सलाइन, सगळं उजव्या हाताला. डाव्या हातावर पेनने ‘सुई टोचू नये’ असं ठळक लिहून ठेवा, कारण रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत असेलच असं नाही. या फ्लॅपसोबत मनगटाच्या अंगठ्याकडची धमनी जाते. म्हणून दुसरी धमनी पंजाला एकटी पुरते का, ते आधी तपासतात : मूठ आवळून दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडायची, करंगळीकडची सोडायची, पंजा काही सेकंदांत लाल व्हायला हवा. मशेरी, तंबाखू, गुटखा आजच बंद.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा : जीभ किती जाणार? अर्ध्यापर्यंत जाणार असेल तर हाताची पातळ कातडी उत्तम, उरलेली जीभ मोकळी हलते. जवळजवळ पूर्ण जीभ जाणार असेल तर पातळ फ्लॅप चुकीचा. गिळताना नवी जीभ टाळूला टेकायला हवी, त्यासाठी भर लागतो. तिथे मांडीचा चरबीसकट फ्लॅपच बरा.

प्रश्न : अपघातानंतर पावलावर मांडीचा फ्लॅप लावून पाच महिने झाले. बूट चढत नाही, आणि वजन वाढलं तसा तोही फुगला. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ती चरबी अजून मांडीचीच आहे. वजन वाढलं की तीही वाढते, म्हणून आधी वजन आटोक्यात आणा. जखम पूर्ण भरली असेल आणि सूज स्थिरावली असेल तर आता चरबी कमी करता येईल. एका वेळी फ्लॅपची एकच बाजू उघडून पातळ करावी, दुसरी काही महिन्यांनी. फ्लॅपला बहुधा संवेदना नसते. गरम पाण्याची पिशवी लावू नका, चपलेचा पट्टा घासतोय का ते रोज रात्री डोळ्यांनी पाहा.

प्रश्न : फ्लॅपनंतर रात्री रुग्णाजवळ थांबणाऱ्याने काय पाहायचं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रंग आणि ऊब. बोटाने हलकं दाबून सोडलं की दोन-तीन सेकंदांत रंग परतायला हवा. फ्लॅप पांढरा, गार पडला आणि रंग परतत नसेल तर धमनी अडली. जांभळा, फुगलेला असेल आणि रंग झटकन परतत असेल तर शीर अडली. हेच जास्त वेळा घडतं, बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत. दोन्ही वेळा सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. त्याच क्षणी सिस्टरला सांगा आणि सर्जनला फोन लावायला लावा, कारण काही तासांत पुन्हा ऑपरेशन करून अडलेली वाहिनी मोकळी केली तर फ्लॅप बरेचदा वाचतो. तोंडाच्या ऑपरेशननंतर मानेभोवती घट्ट दोरी किंवा पट्टी बांधलेली नाही ना, हेही बघा. फ्लॅपची शीर तिथूनच जाते.