लीड्सची ऑफर घ्यावी का, विचारलंस म्हणून

तू म्हणतेय, वयाने धाकटा वाटतोस, राग मानू नकोस. पुण्यात बँकेच्या ॲनालिटिक्समध्ये आठ वर्षं झाली, आता इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका एज्युकेशन कंपनीत सीनियर डेटा सायंटिस्टची ऑफर आहे, मुलगा दुसरीत, जावं का, असं विचारलंयस. मी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अशीच आले, याच गावात, याच धंद्यात, नवरा आणि आठ वर्षांची लेक घेऊन. काल रात्री तुझा प्रश्न वाचला आणि झोपच लागली नाही, म्हणून लिहितेय.

व्हिसाचे नियम सरकारी साइटवर आहेत, ते वाच. फक्त एक गोष्ट एचआरला आत्ताच विचार, हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचे पैसे, घरातल्या सगळ्यांचा भरणार की फक्त तुझा? मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पाउंड आणि मुलाला ७७६, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे आधीच एकरकमी. तिघांचे पाच वर्षांचे १४,२३० होतात. आमच्या वेळी दर कमी होते तरी आमची एफडी मोडली. आणि बायकोची डिग्री माहेरच्या नावाने असेल, पासपोर्ट सासरच्या, तर मॅरेज सर्टिफिकेटच्या चार कॉपी हातातल्या बॅगेत ठेव. मी चेक-इनच्या बॅगेत ठेवल्या होत्या, बॅग तीन दिवसांनी आली, जाऊदे.

काम आवडेल तुला, खरंच. पण बँकेची सवय मोडावी लागेल. तिकडे प्रेडिक्शन चुकलं तर पैसे जातात, इकडे एखादं पोर वर्षभर चुकीच्या लेव्हलवर बसतं आणि कुणाला कळतही नाही. मला इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न २०२० च्या ए-लेव्हलवर, म्हणजे इथल्या बारावीसारख्या परीक्षेवर होता. कोविडमुळे परीक्षा नाही, म्हणून ऑफक्वालने, म्हणजे परीक्षांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, शाळेचे जुने निकाल धरून अल्गोरिदमने ग्रेड दिल्या, शिक्षकांनी दिलेल्या जवळजवळ ४० टक्के ग्रेड खाली आल्या, पोरं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सगळं मागे घ्यावं लागलं. छोट्या वर्गांना मात्र शिक्षकांचीच ग्रेड मिळाली आणि छोटे वर्ग जास्त करून खाजगी शाळांत. हे नीट वाचून जा. मुलांच्या डेटाचे नियमही इथे कडक आहेत, पहिले तीन आठवडे मला एक टेबल उघडायला मिळालं नाही, नुसते फॉर्म. ए-बी टेस्ट, म्हणजे दोन गटांना दोन वेगळ्या गोष्टी देऊन तुलना, करायची तर एकाच वर्गातल्या निम्म्या मुलांना वेगळं काही दाखवून चालत नाही, अख्ख्या शाळा वाटून घ्याव्या लागतात, म्हणजे सॅम्पल साइज धाडकन खाली. आणि जुलैच्या शेवटापासून सहा आठवडे डेटाच येत नाही, सुट्टी.

आता मुलाची शाळा. इथेच माझं घोडं अडलंय.

लेकीला पुण्यात हौसेने मराठी माध्यमात घातलं होतं. त्यात दीड वर्ष ऑनलाइन. इथे वर्षाच्या मध्येच आलो म्हणून जिथे जागा तिथे शाळा, घरापासून दोन बस. पहिल्याच आठवड्यात छोटी टेस्ट घेतली आणि गणितात सगळ्यात खालच्या टेबलवर, म्हणजे कच्च्या मुलांच्या गटात बसवली. हिला वीसपर्यंत पाढे पाठ! बाई म्हणाल्या, आकडे उलटे लिहिते, पुढे तपासून घेऊया. म्हणजे काय ते न बोलता कळलं. मी रात्री तिला आकडे सांगून बघितले. फॉर्टी-टू म्हटलं की पोरगी मनात बेचाळीस म्हणायची, आधी बे ऐकू यायचं, घाईत २ लिहायची, मग ४. बस, एवढंच होतं.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला वीस पाच असंही म्हणा असं आणलं होतं आठवतंय? मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख, त्यांनी पुन्हा पुन्हा समजावलं की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. तेव्हा मीही फॅमिली ग्रुपवर जोक फॉरवर्ड केले होते, हसत हसत. गणित शिकलेली बाई मी!

बरं, माझं ऑफिसातलं काम काय, तर प्रश्न मुलाच्या गणिताची परीक्षा घेतोय की इंग्रजीची, हेच बघायचं. सारख्याच कुवतीची मुलं घेऊन, घरी दुसरी भाषा बोलणारी एका बाजूला नि बाकीची दुसऱ्या बाजूला ठेवून, कुठल्या प्रश्नाला ती जास्त अडतात ते काढायचं. त्या डिसेंबरमध्ये मी अख्खी क्वेश्चन बँक चाळून काढली, फोर्टनाइट (पंधरवडा) नि क्वार्टर टू (पावणे) वाले प्रश्न बाहेर काढायला लावले, मॅनेजर खूश. का केलं ते कुणाला सांगितलं नाही. आणि शाळेत? शाळेत जाऊन एक शब्द बोलले नाही. नवीन माणसं, व्हिसा कंपनीचा, बाई चिडल्या तर, असं काहीबाही.

त्याऐवजी घरात मराठी आकडे बंद केले. चौथ्या इयत्तेत इथे पाढ्यांची टेस्ट असते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, पुढच्याच जूनपासून, म्हणजे २०२२ पासून, सगळ्या सरकारी शाळांना सक्तीची झाली होती. सात सक बेचाळीस म्हणायचं नाही, सेव्हन सिक्सेस म्हणायचं, मी स्टॉपवॉच घेऊन बसायचे. पंचवीसपैकी पंचवीस पडले. मी ऑफिसात केक नेला.

तुझा मुलगा लहान आहे, त्याला सोपं जाईल. तरी मी केलं ते करू नकोस. पहिल्याच आठवड्यात शाळेत जा, बाईंना कागदावर ४ आणि २ लिहून दाखव की आमच्यात असं बोलतात, पाच मिनिटांचं काम आहे. मी आजही त्या शाळेवरून बस गेली की दुसरीकडे बघते.

एकटेपणाचं विचारलंस, वाटतो. नोव्हेंबरात चारला अंधार पडतो, दिवे लाव आणि वरणभाताचा कुकर लाव.

ऑफर वाईट नाही, घे. लेक आता तेरा वर्षांची आहे, गणितात वरच्या सेटमध्ये, म्हणजे हुशार मुलांच्या गटात. परवा आईने फोनवर नवा नंबर सांगितला, अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणसत्तर, असा जोडीजोडीने. हिने दोन आकडे लिहिले आणि फोन माझ्याकडे दिला.