ट्रॅव्हर्स आणि क्रॉस, फरक काय?

प्रश्न: आम्ही चोडणचे, मुलगी नववीत, रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीला शाळेत जाते. तिने निबंधात ‘वी ट्रॅव्हर्स द मांडवी बाय फेरीबोट’ लिहिलं, टीचरने ट्रॅव्हर्स खोडून क्रॉस केलं. डिक्शनरीत तर दोन्हींचा अर्थ ओलांडणे दिलाय, मग चुकलं कुठे? – एक वाचक, चोडण

उत्तर: ताई, ग्रामर बरोबर आहे आणि डिक्शनरीही खोटी नाही, पूल नदी ट्रॅव्हर्स करतो असं इंग्रजीत लिहितातच. तरी टीचरने केलेला बदल मला पटतो. क्रॉस म्हणजे या काठावरून त्या काठावर, संपलं. ट्रॅव्हर्स म्हटलं की मधला सगळा पल्ला आला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापत जायचं, आणि पल्ला लांबचा किंवा अवघड असेल तर तो शब्द शोभतो, रोजच्या फेरीला फार जड होतो. आपल्याकडचंच बघा ना, कुंभारजुवेचा कालवा मांडवी आणि झुआरीला जोडतो, त्यावरच्या पुलावरून गाडी नेली तर कालवा क्रॉस केला, पण होडीत बसून मांडवीकडून आत शिरलात आणि थेट झुआरीत निघालात तर कालवा ट्रॅव्हर्स केला! तसंच पत्रादेवीला बॉर्डर क्रॉस होते, तिथून पोळेपर्यंत जाणारा हायवे मात्र गोवा ट्रॅव्हर्स करतो.

खरी चूक वेगळीच होते आणि ती पेपरातसुद्धा दिसते, ‘ट्रॅव्हर्स थ्रू’ किंवा ‘ट्रॅव्हर्स अक्रॉस’. कृपया हे टाळायला सांगा. शब्द लॅटिनमधून आलाय, त्यातला ट्रान्स म्हणजेच पलीकडे, आरपार, तेव्हा थ्रू-अक्रॉस आतच आहे, पुढे सरळ जागेचं नाव लावायचं, ‘ट्रॅव्हर्स द डेझर्ट’, बस.

सह्याद्रीत फिरणारे ट्रेकर ट्रॅव्हर्स म्हणतात ते डोंगराच्या उतारावरून आडवं जाणं, चढायचंही नाही, उतरायचंही नाही. सर्व्हेवाल्यांचा ट्रॅव्हर्स म्हणजे एका पॉइंटवरून दुसऱ्यावर अंतर आणि कोन मोजत जाणं. आणि कोर्टात तर अर्थच पालटतो, प्रतिवादीच्या लेखी कैफियतीत ट्रॅव्हर्स आलं तर वादीचं म्हणणं नाकारलं असं समजायचं, तिथे ओलांडणे लावून वाचलंत तर काहीच कळणार नाही.