परदेशी बोर्डिंग शाळा: तेराव्या वर्षी की सोळाव्या?

“ऐपत असताना मुलाला परदेशी शाळेत घातलं नाही, तर उद्या तो आम्हाला दोष देईल का?” इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न आता वरचेवर येतो. पूर्वी परदेशाचा विचार पदवीनंतर व्हायचा. आता तो आठवीतच सुरू होतो. अशाच एका कुटुंबाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रामबागेतलं एकत्र कुटुंब, वडिलांचा पीथमपूरला सुट्या भागांचा कारखाना, मुलगा 13 वर्षांचा. वडील चार देशांतल्या शाळांचा तक्ता घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले होते. शेवटच्या रकान्यात प्रत्येकीची फी रुपयांत. “ताई, यातली सगळ्यात चांगली कुठली, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, फीवरून ते ठरणार नाही, कारण प्रत्येक ठिकाणी त्या पैशांत वेगळं काही मिळतं. स्वित्झर्लंडच्या ‘ल रोझे’ची फी वर्षाला 1 लाख स्विस फ्रँकच्या वर. हिवाळ्यात अख्खी शाळा गश्टाडच्या बर्फात हलते आणि कुठल्याही एका देशाची मुलं साधारण 10 टक्क्यांहून जास्त घेत नाहीत. तिथे पैसे पडतात ते मुख्यतः जगभरच्या धनिक घरांतल्या सोबतीचे. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटरमध्ये 1930च्या दशकापासून डझनभर मुलं लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चेतून शिकतात, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना मोठी सवलत असल्यामुळे छापील फी सगळेच भरत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या जिलाँग ग्रामरची मुलं नववीचं वर्ष टिंबरटॉपच्या डोंगरात काढतात. अंघोळीचं पाणी तापवायला लाकडं स्वतः फोडतात. हे ऐकताना मुलगा पहिल्यांदा मान वर करून बघायला लागला.

वडिलांची खरी ओढ इंग्लंडकडे होती. तिथे शाळा झाली की विद्यापीठात स्थानिक मुलांची फी लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तसं नाही. मुख्यतः शिक्षणासाठी केलेला मुक्काम त्या हिशेबात धरत नाहीत. शिवाय जानेवारी 2025 पासून तिथल्या खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागला. तिथल्या ईटन या शाळेचा खर्च त्यामुळे वर्षाला 60 हजार पौंडांच्या पुढे गेला आहे, आणि तेराव्या वर्षीच्या प्रवेशासाठी नाव तिथे काही वर्षं आधीच नोंदवावं लागतं.

आईने एकच विचारलं, “सत्राच्या मधल्या सुट्टीत तो राहणार कुठे?” तक्त्यात हे नव्हतंच. अनेक बोर्डिंग शाळांची वसतिगृहं त्या दिवसांत बंद होतात; म्हणून परदेशी मुलाला इंग्लंडमध्येच एक ‘गार्डियन’, म्हणजे आईवडिलांच्या जागी बघणारा माणूस, नेमून द्यावा लागतो. बहुतेकदा तो सर्वस्वी अनोळखी असतो.

मग मी तिघांना वेगवेगळ्या कागदांवर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगितलं: मुलाचं काही बिनसलं की तो कुणाला सांगतो? वडिलांनी लिहिलं, आईला. आईने लिहिलं, आजीला. मुलाने लिहिलं, “आजीला सांगायचो. आता कोणालाच नाही.”

त्यानंतर बराच वेळ शाळांचा विषय निघाला नाही. वर्गातली काही मुलं त्याला वर्षभर त्रास देत होती, हे हळूहळू बाहेर आलं. परदेशाला तो हो म्हणत होता, तो इथून सुटायला.

तेराव्या वर्षी घर सोडून फुललेली मुलं मी पाहिली आहेत. ती स्वतः हट्ट धरून गेलेली होती, आणि अडलं तर परक्या माणसाकडेही मदत मागणारी होती. मनात दाबून ठेवणाऱ्या मुलाला मात्र हजारो मैलांवरच्या वसतिगृहात पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे चांगल्यात चांगल्या गृहप्रमुखालाही ते लवकर कळत नाही.

आम्ही आधी इथल्या शाळेशी बोललो. वर्ग बदलून मिळाला. दहावीपर्यंत इंदूरच. केंब्रिजचा अभ्यासक्रम हवाच असेल तर तो इथेही आहे. पुढे ए लेव्हलची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं परदेशात करता येतात. तेव्हा तो 16 वर्षांचा असेल, विषयही त्याने निवडलेले असतील. जेईई द्यायची झाली, तर मात्र इथेच राहणं सोयीचं.

उशीर होईल ही वडिलांची धास्ती अजून पुरती गेलेली नाही. मे महिन्यात मुलगा दोन आठवड्यांच्या डोंगरातल्या निवासी शिबिराला जाणार आहे. ते त्याने स्वतः शोधलं. परदेशी अकरावीचे अर्ज बहुतेक ठिकाणी दहावीच्या दिवाळीच्या आसपास भरावे लागतात, म्हणून नववी संपली की चौघांनी पुन्हा बसायचं ठरलं आहे. या वेळी आजीही येणार आहेत.