गुलाबाच्या फळांचा चहा

प्रश्न : अंगणातल्या गावठी गुलाबाला पाकळ्या गळल्यावर लाल फळं धरली आहेत. त्यांचा चहा चालेल का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : चालेल, पण झाडावर कीटकनाशक फवारलेलं नसेल तरच. फळ पूर्ण लाल झालं की तोडा, उभं चिरा, बिया आणि आतली बारीक लव चमच्याने खरवडून काढा. ही लव पोटात गेली तर घसा खाजतो, म्हणून चहा दुहेरी मलमलीतून गाळायचाच. साली सावलीतच वाळवा. खान्देशातल्या उन्हात क जीवनसत्त्व टिकत नाही. कपभर गरम पाण्यात चमचाभर साली, 10 मिनिटं झाकून. तांब्याचं भांडं नको. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनात, तेव्हा मुलांना याच फळांचा पाक देत. मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रोजच्यासाठी मात्र आपला आवळाच बरा.