केगमधली हवा आधी हाकल

गड्या, बिअर शिळी पडली की तू वाळूजच्या उन्हाला दोष देतोस. ऊन हातभार लावतंच, पण खरा चोर केगमध्ये, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपात, राहिलेला ऑक्सिजन. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव त्याचीच.

ही हवा हाकलायला नायट्रोजन स्वस्त पडतो, पण तो हवेपेक्षा किंचित हलका. तळाशी थर साचेल अन् हवा वर ढकलली जाईल, या भरवशावर राहू नको. केग दाबाच्या काट्यावर २ बारपर्यंत भर, पूर्ण सोड, पुन्हा भर. दर खेपेला ऑक्सिजन एक तृतीयांश उरतो: २१ टक्क्यांचे ७, मग २.३. पाच खेपांत ०.१ टक्क्याच्या खाली. एकदाच फुस्स करून मोकळं होणारे लई पाहिलेत मी!

त्याहून पक्कं म्हणजे केग सॅनिटायझरनं (जंतुनाशक मिसळलेल्या पाण्यानं) काठोकाठ भरून ते गॅसनं बाहेर ढकलणं. आपल्याकडं पाण्याची बोंब, म्हणून तेच पाणी पुढच्या केगमध्ये घे.

बिअर भरल्यावर वरच्या जागेत मात्र सीओटूच (कार्बन डायऑक्साइड) ठेव, नाहीतर फसफस कमी होते.

अन् हो, सीओटूचा रेग्युलेटर नायट्रोजनच्या सिलिंडरला लावू नको, दाब फार जास्त असतो. खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेव. या गॅसला वास नसतो, माणूस न कळता आडवा होतो.