नेमेसिस : वैरी, कर्दनकाळ की कर्मफळ?

‘शेन वॉर्न हा डॅरिल कलिननचा नेमेसिस होता’ असं वाक्य क्रिकेटच्या लेखात वाचून एका वाचकाने विचारलं आहे, की नेमेसिस म्हणजे शत्रू का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

शत्रू म्हटलं तर अर्थ अर्धाच पोचतो. कलिनन दक्षिण आफ्रिकेचा उत्तम फलंदाज, कसोटीत १४ शतकं त्याच्या नावावर आहेत. पण वॉर्नच्या फिरकीपुढे त्याची मात्रा चालत नसे. प्रतिस्पर्धी अनेक असतात. ज्याची गाठ पडली की आपली हार ठरलेलीच, तो नेमेसिस.

मुळात ही ग्रीकांची देवी. ‘नेमेइन’ म्हणजे वाटून देणं, ज्याचं त्याला देणं. त्या क्रियापदापासून तिचं नाव आलं. नियम किंवा कायदा या अर्थाचा ‘नोमोस’ त्याच घराण्यातला, आणि त्याच्यामार्फत आपल्या ओळखीचे इकॉनॉमी, ऑटोनॉमी, ॲस्ट्रॉनॉमी हेही. (मराठीतला ‘नेम’ मात्र या गोतावळ्यातला नाही. तो ‘नियम’वरून आला आणि त्याचा धातू ‘यम्’. उच्चार जुळतो, एवढंच.)

वाटणी करणारी देवी सूड उगवणारी कशी झाली? आपल्या वाट्याहून जास्त मिरवणाऱ्याला ती जमिनीवर आणते, म्हणून. मॅरेथॉनच्या उत्तरेला रॅम्नूस इथे तिचं देऊळ होतं. पॉसेनियस हा प्राचीन प्रवासी तिथली एक कथा सांगतो. इसवी सनपूर्व ४९० मध्ये चालून आलेल्या पर्शियनांना अथेन्स आपण घेणारच याची इतकी खात्री होती, की विजयस्तंभासाठी संगमरवराची शिळा त्यांनी बरोबरच आणली होती. मॅरेथॉनला ते हरले, आणि त्याच शिळेतून नेमेसिसची मूर्ती घडवली गेली! या देवीचा स्वभाव याहून नेमका कुठेच कळत नाही.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो देवी आणि अटळ शिक्षा या अर्थांनी. ‘हार न जाणारा प्रतिस्पर्धी’ हा अर्थ विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेत रुळला. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, कोशांनीही तो स्वीकारला आहे. पण त्यात ‘हे तुझ्याच करणीचं फळ’ हा भाग गळून पडला, याची हळहळ मला वाटते. कलिननने वॉर्नचं काय घोडं मारलं होतं?

मराठीत म्हणूनच दोन वाटा कराव्या लागतात. माणसासाठी ‘कर्दनकाळ’ चपखल आहे : वॉर्न कलिननचा कर्दनकाळ ठरला. ‘हाडवैरी’ इथे चालणार नाही; हाडवैर तुल्यबळांतही असतं, आणि त्यात द्वेष गृहीत असतो. जुना अर्थ असेल तिथे, म्हणजे मस्तवाल सत्ताधीशाला त्याची नेमेसिस गाठते अशा वाक्यात, एकाच नामाचा हट्ट धरू नये. ‘त्याचा पापाचा घडा भरला’ किंवा ‘केलेलं त्याला भोगावंच लागलं’ असं सरळ लिहावं.